आकाशातून आला असावा

मी एक जुना दगड आहे, असे मी पुष्कळ वर्षे समजत होतो. आता तसे छातीठोक सांगवत नाही. मुळात मला छाती नाही, आणि ठोकले तर माझा टवका उडतो, हे मागच्या वर्षी चारचौघांत सिद्ध झाले आहे. तेव्हा मित्रांनो, माझी हकिकत ऐका, आणि मी कोण हे तुम्हाला कळले तर मलाही सांगा.

मला माझा जन्म आठवत नाही. तुम्हालाही तुमचा आठवत नसेल, पण तुम्हाला सांगायला आई तरी असते. मला एवढेच आठवते की फार उकडत होते आणि मी पातळ होतो. मग मी पातळ नव्हतो. त्यानंतर एकदम नदीच. मधले काही आठवत नाही. नदीतले माझे शेजारी गोल, गुळगुळीत गोटे होते, सगळे एका घराण्यातले. मी काळा, वेडावाकडा, अंगाच्या मानाने फार जड आणि एका कुशीला काचेसारखा चकाकणारा. त्यांनी मला कधी आपल्यात घेतले नाही. दगड बोलत नाहीत हे खरे, पण बोलायचे टाळणारे दगड ओळखू येतात.

तिथे मला विहीरआजोबा भेटले. त्यांनी चाळीस वर्षे विहिरी खणल्या होत्या. आधी माती, मग मुरूम, मग मऊ खडक, मग काळा खडक, असे ते जमिनीत उतरत गेले होते, आणि लोक घरात जितके राहत नाहीत तितके जमिनीच्या पोटात राहिले होते. अंगातले बळ कमी झाल्यावर त्यांनी खणणे सोडले, पण दगडांची ओढ काही सुटली नाही. मग दर रविवारी ते शेजारच्या दोन पोरांना घेऊन कधी नदीवर, कधी खाणीत, तर कधी रस्त्यासाठी कापलेल्या टेकडीपाशी जाऊ लागले. दोनाची दहा पोरे झाली. पोरांमागून त्यांचे आईबाप आले, एक शिंपी आला, एक औषधवाला आला. त्यांना लोकांनी नाव दिले दगड-मंडळ.

"डोक्यात दगड भरलेल्यांचं मंडळ," असे कुणी चिडवले तर आजोबा म्हणत, "डोक्यात भरलेत म्हणूनच तर खिशात मावत नाहीत." सहलीहून परतताना बस चढावर धापा टाकायची. ड्रायव्हर मागे वळून ओरडायचा, "जाताना हलकी होती गाडी! काय डोंगर उचलून आणलात का?" आणि पोरे आपापल्या पिशव्या मांडीखाली दडवायची.

अशाच एका रविवारी आजोबांनी मला उचलले, हातावर तोलले, आणि कमरेला दोरीने बांधलेला लोहचुंबक माझ्याजवळ आणला. त्याने झेप घेऊन मला मिठी मारली. माझ्या आयुष्यातली ती पहिली मिठी. सगळे भोवती गोळा झाले. आजोबांनी मला उलटेसुलटे करून पाहिले. मग हळूच म्हणाले, "हा इथला नव्हे. आकाशातून आला असावा. अशनी म्हणतात त्याला."

मला वाटले, ते 'अशानी' म्हणाले. अशानी काय? अशानी काय होईल? मी पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिलो. ते वाक्य काही आले नाही, आणि मी खोक्यात गेलो.

मंडळाची खोकी गावच्या सभागृहाच्या जिन्याखाली ठेवत. माझ्या खोक्याला जाळी होती, आणि जाळीतून समोरचा वर्ग दिसायचा. तिथे आठवड्यातून तीन दुपारी मोठी माणसे अक्षरे शिकायला बसत. पहिल्या बाकावर विहीरआजोबा. तोवर ते अंगठाच उठवत होते. चाळीस वर्षे पहार धरलेल्या त्या हातात खडू दोनदा तरी मोडायचा. ते गिरवत, मीही मनात गिरवत असे. अक्षरे आम्हा दोघांनाही उशिराच आली, पण आली.

एके दुपारी गुरुजींनी फळ्यावर एक खूण काढली आणि म्हणाले, "हे प्रश्नचिन्ह. काढायला सोपं. आधी कान काढा. मग कानातला डूल खाली पडलाय असं समजून एक टिंब द्या."

"कानच का?" आजोबांनी विचारले.

"विचारलं की ऐकून घ्यावं लागतं ना, म्हणून."

वर्ग हसला. आजोबा हसले नाहीत. त्यांनी पाटीभर कान काढले, आणि प्रत्येक कानाखाली एक डूल.

शिकून झाल्यावर त्यांनी लिहिलेली पहिली चिठ्ठी माझी होती. ती लिहायला त्यांना अर्धा तास लागला. अ उताराला लागला, श ची गाठ सुटेना, आणि नी ची वेलांटी एवढी मोठी झाली की सगळे अक्षर पावसात उभे असल्यासारखे दिसू लागले. शेवटी मात्र त्यांनी एक कान काढला आणि त्याखाली टिंब दिले. ते सुरेख जमले. चिठ्ठी माझ्या अंगाला टेकवून ठेवली तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा माझे नाव वाचले. 'अशनी ?' म्हणजे मी 'अशानी' नव्हतो, हा एक घोळ मिटला. पण दुसरा सुरू झाला. माझे नाव अशनी, की मी अशनी आहे का असे कुणी मलाच विचारत होते? मला विचारत असतील तर मी काय सांगणार?

पुढची वर्षे सुखाची गेली. मी शाळांत गेलो, वाचनालयात गेलो, बाजाराच्या चौकात टेबलावर बसलो. आजोबा भाषण करत म्हणजे गप्पाच मारत. डोंगर कसा थरावर थर चढून बनतो हे सांगायला ते अंगावरची चादर काढून तिच्या घड्या घालत, आणि घडी मोडली की पोरे "भूकंप! भूकंप!" म्हणून ओरडत. ते पोरांच्या हातात भिंग देत आणि म्हणत, "दगडाकडे नुसतं बघू नका, त्याला पाणी लावा. तहान भागली की दगड बोलतो." सगळ्यात शेवटी ते मला काढत. "हा आकाशातून आला असावा," ते म्हणत. त्यांचा आवाज मुळात बारीक. पोरांना 'आकाशातून आला' एवढे ऐकू यायचे, आणि 'असावा' टाळ्यांत बुडून जायचे.

मग मंडळात सुवाच्यताई आल्या. त्यांनी तीस वर्षे एका कचेरीत दप्तर लिहिले होते, आणि त्यांचे अक्षर म्हणजे ओळीने मांडलेले मोती. त्यांनी एका आठवड्यात मंडळाच्या साऱ्या चिठ्ठ्या नव्याने लिहून प्लास्टिकमध्ये बंद केल्या. माझी नवी चिठ्ठी मी अभिमानाने वाचली. 'अशनी.' अ सरळ, श सुटसुटीत, वेलांटी बेताची. पण कान कुठे गेला?

मी फार गोंधळलो. मग मनाची समजूत घातली, की माझी चौकशी पूर्ण झाली असेल आणि मला कळवायचे राहून गेले असेल. आजोबांच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू उतरला होता. समोर धरलेली वस्तू भिंगाखाली कशीबशी दिसायची, पण वाचणे संपले होते. त्यांनी चिठ्ठीवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "छान. गुळगुळीत झालंय."

सुवाच्यताईंनी जाहिरातीही लिहिल्या. 'आकाशातून आलेला दगड! या, हात लावून पाहा!' लोक येऊ लागले. माझ्यापुढे रांग लागायची. खरे सांगतो मित्रांनो, स्तुती आवडते. मीही जरा आकाशातला असल्यासारखा बसू लागलो.

याच काळात आजोबांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी चढ-उतार बंद केली. रविवारची बस त्यांच्याविना जाऊ लागली, आणि ते जिन्याखाली स्टुलावर बसून राहू लागले. वरून माणसे चढली की त्यांच्या टोपीवर धूळ पडायची. सभागृहाला तळमजल्यावर एक कोपऱ्याची खोली होती. रिकामी, मोठ्या खिडकीची. त्या खिडकीतून डोंगर दिसायचा.

"तेवढी खोली मिळाली ना ताई," आजोबा एकदा म्हणाले, "तर पोरांना तिथंच बसवून सगळं सांगीन. मला डोंगरावर जाता येत नाही. निदान तो तरी खिडकीत येऊन उभा राहील."

सुवाच्यताईंनी अर्ज लिहिला. सभागृहाच्या अध्यक्षांनी तो वाचला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "आकाशातला दगड आपल्या सभागृहात! वा! त्याला खोली हवीच." ठराव झाला. खोली उघडण्याचा दिवस ठरला. त्याच दिवशी दगडांचा मेळा भरवायचा, असेही ठरले.

त्या दिवशी खोलीच्या दारात माझे टेबल होते. अध्यक्ष किल्ली हातात घेऊन उभे होते. आजोबा धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसले होते, आणि मान सारखी त्या बंद दाराकडे वळवत होते. रांगेत पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी होती. तिने मला नीट दोन हातांनी उचलले. मागच्याला धीर निघाला नाही. त्याने ओढले आणि मी फरशीवर आपटलो. टणकन आवाज झाला आणि माझा एक कोपरा उडाला.

"दोन हातांनी धरा म्हणून किती वेळा सांगितलं!" सुवाच्यताई कडाडल्या.

"दोन हातांनीच धरला होता," मुलगी म्हणाली. "तिसरा हात ह्याचा होता."

मग तिने माझा तुकडा उचलून डोळ्यांजवळ नेला. "आजोबा, ह्याच्यात भोकं का आहेत? पावात असतात तशी?"

"आकाशात हवा असते ना बाळ, ती आत शिरली," अध्यक्षांनी परस्पर सांगून टाकले. चार जणांनी माना डोलावल्या.

मुलीशेजारी तिचे आजोबा उभे होते. ते ओतारी होते. लोखंड वितळवून साच्यात ओतण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी तुकडा घेतला, उजेडात फिरवला आणि एकदम मोठ्याने हसले. "अगं, ही तर मळी!"

"साखरेची?" अध्यक्षांनी विचारले.

"साखरेची कुठली, साहेब! लोखंडाची. भट्टीत लोखंड वितळलं की मळ वर तरंगतो. तो ओढून काढायचा आणि फेकून द्यायचा. तीस वर्षं ओढलीय मी. थिजताना वाफा कोंडतात, त्याची ही भोकं. आणि पोटात लोखंडाचे थेंब राहतात, म्हणून चुंबक चिकटतो."

मित्रांनो, त्या क्षणी माझे काय झाले ते सांगता येत नाही. आकाश गेले ते गेलेच, पण व्याकरणही गेले. दगड म्हणजे तो. मळी म्हणजे ती. मग आता मी 'पडलो' म्हणायचे की 'पडले'? मी फरशीवर पडून याचाच विचार करत होतो. किंवा होते.

रांगेत कुणीतरी फिसकन हसले. अध्यक्षांचा चेहरा उतरला. "म्हणजे आजोबा, इतकी वर्षं तुम्ही आम्हाला भट्टीतला कचरा आकाशातला म्हणून दाखवत होता?"

आजोबांनी हात पुढे केला. मुलीने मला त्यांच्या तळव्यावर ठेवले. त्यांनी अंगठा जिभेला लावून माझ्या तुटलेल्या जागेवरून फिरवला. मग भिंग काढून डोळ्याला अगदी चिकटवले आणि कितीतरी वेळ पाहिले.

"यांचं बरोबर आहे," ते शेवटी म्हणाले. "ही मळीच. मी चुकलो. किल्ली ठेवा साहेब परत."

अध्यक्षांनी किल्ली खिशात टाकली. लोक एकमेकांकडे पाहू लागले. आजोबा उठायला गेले, पण गुडघे साथ देईनात. इतका खोटा ठरलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता, आणि तो माझ्यामुळे ठरत होता.

तेवढ्यात सुवाच्यताईंनी पर्स उघडली. कागद फेकणे त्यांना ठाऊक नव्हते. कचेरीची सवय. पर्समधल्या वहीतून त्यांनी एक पिवळी चिठ्ठी काढली. उताराला लागलेला अ, गाठीचा श, छत्रीएवढी वेलांटी. मी लांबूनच ओळखली.

"थांबा," त्या म्हणाल्या. "ही आजोबांच्या हातची पहिली चिठ्ठी. ह्यावर 'अशनी' लिहिलंय आणि पुढे प्रश्नचिन्ह आहे. ते मी गाळलं." मग त्या आजोबांकडे वळल्या. "मला वाटलं, नवीनच अक्षरं शिकलेला माणूस, चुकून काढलं असेल. म्हणून मी ते... सुधारलं."

आजोबांनी चिठ्ठीवरून बोट फिरवले. कानापाशी बोट थांबले.

"अक्षरं वाकडी होती ताई, ती सुधारायचीच होतीत," ते म्हणाले. "पण हे चुकून नव्हतं. तेवढं एकच मी नीट काढलं होतं."

सुवाच्यताईंनी डोळ्यांना पदर लावला. ओतारीकाकांनी मान खाली घातली. अध्यक्ष मात्र ठरावाला धरून होते. "मला सगळं समजतं हो. पण ठराव अशनीच्या नावानं झालाय. मळीला खोली कशी देऊ?"

आम्ही परत जिन्याखाली गेलो.

आता मी विसरला जाणार, असे मला वाटले. कुणी मला नदीत परत टाकेल, आणि ते गोटे पुन्हा न बोलता माझ्याकडे बघतील. पण पुढच्या रविवारी ती दात पडलेली मुलगी आली. तिने मोज्यातून एक लाल दगड काढला आणि मोज्याला टाचलेली चिठ्ठी आजोबांना दाखवली. चिठ्ठीवर शब्द नव्हता, नुसता कान आणि डूल.

"हा काय असावा?" तिने विचारले.

आजोबांनी त्याला पाणी लावले. "तुला काय वाटतं?"

"मंगळावरचा असावा."

"लाल आहे खरा. पण घासून बघ बरं. हातावर काय उरलं? असली भुकटी तू कुठं पाहिलीस?"

तिने अंगणातल्या भिंतीकडे पाहिले आणि ती हिरमुसली. "विटेची."

"विटेची असावी. नदीनं घासून घासून गोटा केलाय. कुणाची भिंत होती, कधी वाहून गेली, हे कुणाला ठाऊक? आता सांग, मंगळ मोठा की हे मोठं?"

त्या रविवारी ती एकटी होती. दुसऱ्या रविवारी तिचा आख्खा वर्ग आला. ओतारीकाकाही आले, आणि आजोबांच्या शेजारी दुसरे स्टूल पडले. दोघांचे रोज भांडण.

"तुमचा डोंगर तरी काय हो, मोठी भट्टीच की!" ओतारीकाका म्हणायचे.

"आणि तुमची भट्टी म्हणजे घाईत असलेला डोंगर," आजोबा म्हणायचे.

मी मधे. ओतारीकाका सांगत की माझ्यातले लोखंडही आधी डोंगरातल्या दगडातच होते. म्हणजे मी डोंगराचा, भट्टीचा, नदीचा, की जिन्याखालचा? ऐकून ऐकून मला गरगरायचे. पण ती गरगर जाहिरातीतल्या स्तुतीपेक्षा बरी होती. स्तुती करणारे माझ्याकडे एकदाच बघत. हे दोघे आणि ती मुले मला पुन्हा पुन्हा उचलत.

तिसऱ्या रविवारी रांग जिन्यावर चढली. बायका दळणाच्या डब्यातून दगड घेऊन आल्या, शिंप्याने सुयांच्या डबीत खडे आणले, एकाने तर आपल्या मूत्रपिंडातून निघालेला खडा आणला. "हा काय असावा ते डॉक्टरांना ठाऊक आहे," आजोबा म्हणाले, "पण दाखवलात हे बरं केलं." अध्यक्षांची कचेरी वरच्या मजल्यावर. ते अर्ध्या जिन्यात अडकले. खाली येता येईना, वर जाता येईना. शेवटी त्यांनी खिशातून किल्ली काढून डोक्यांवरून खाली दिली. "घ्या ती खोली, पण माझा जिना मोकळा करा!"

"ठराव कुणाच्या नावानं लिहू?" सुवाच्यताईंनी खालून विचारले.

"लिहा हो काहीही! नाही, थांबा. तुम्ही काहीही लिहू नका. जे आहे तेच लिहा!"

आता मी त्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर असतो. तुटलेली बाजू लोकांकडे आणि चकाकणारी भिंतीकडे, अशी आजोबांनीच मला बसवली आहे. की बसवला आहे? खुर्चीत आजोबा असतात आणि त्यांच्यामागे डोंगर उभा असतो. सुवाच्यताईंनी सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा लिहिल्या. त्या ओळ पूर्ण करतात आणि शेवटी बोटभर जागा रिकामी सोडतात. ती जागा त्या स्वतः कधीच भरत नाहीत. आजोबांचा हात धरून तिथे टेकवतात आणि विचारतात, "इथं हवं का?" कधी ते नको म्हणतात. कधी कान काढतात. माझ्या चिठ्ठीवर 'लोखंडाची मळी' असे आहे, आणि त्याखाली 'कुठल्या भट्टीची', कारण ओतारीकाका शपथेवर सांगतात की त्या नदीकाठी कधी भट्टी नव्हती. त्यापुढे आजोबांनी एवढा मोठा कान काढला आहे की डूल कागदाबाहेर जायला आला आहे.

मित्रांनो, तुम्ही आलात तर मला दोन हातांनी धरा. मागच्याला धीर नसेल तर त्याला आधी घेऊ द्या. पडलो तर पुन्हा टवका उडेल, आणि मला आता फार टवके परवडणारे नाहीत. पण माझ्याहून नाजूक ती चिठ्ठीवरची खूण आहे. ती वाकडी दिसली, नवशिक्याच्या हातची दिसली, तरी कृपा करून पुसू नका. मला जपायला कपाट पुरते. तिला जपायला माणूस लागतो.

आणि मी कोण, असे कुणी विचारलेच, तर इतक्या वर्षांनी मला एवढेच सांगता येते.

मी एक जुना दगड असावा.